निळा रंग सुताच्या सालीवर असतो: जीन्स घरी धुताना

डोंबिवली पूर्वेला माझं अल्टरचं दुकान आहे. दोन मशिनी, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवरच्या दांडीला लोकांच्या पँटी. त्याआधी अकरा वर्षं मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायच्या कारखान्यात होते. आधी खिसे लावले, मग फ्लाय म्हणजे चेनची पट्टी, शेवटची चार वर्षं बेल्ट म्हणजे पँटीचीच कमरेची पट्टी. आता माझ्याकडे रफूला किंवा पॅच लावायला जीन्स येतात, त्यातल्या बऱ्याचशा वापरून विरलेल्या नसतात, धुऊन विरलेल्या असतात. मांडीवर ब्रशचे पांढरे पट्टे, बेल्टाच्या कडेला उसवलेली टीप, गुडघ्याला लोंबलेलं कापड. चार-पाच वर्षं सहज चालली असती अशी पँट वर्षभरात या अवस्थेत समोर आली की मला मनापासून वाईट वाटतं. गिऱ्हाइकाला काउंटरवर उभ्या उभ्या जेवढं सांगता येतं तेवढं मी सांगतेच. बाकीचं इथे लिहिते.

आधी एक छोटंसं काम करा. घरात एखाद्या जीन्सची लांबी कमी केल्यावर उरलेला तुकडा असेल तर तो घ्या. कडेचा एक निळा धागा ओढून काढा आणि दोन बोटांत धरून त्याचा पीळ उलटा फिरवत सोडवा. आतून पांढरं सूत दिसेल. लाल मुळ्यासारखं: साल रंगीत, गर पांढरा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, कारण जीन्स धुण्याचे सगळे नियम या एका धाग्यातून निघतात.

असं का होतं? जीन्सचा निळा रंग म्हणजे नीळ, इंग्रजीत इंडिगो. ती पाण्यात विरघळत नाही. ती विरघळावी म्हणून हौदात रसायनं घालतात, तेव्हा तिचा रंग हिरवट-पिवळा होतो. सूत त्यात बुडवून बाहेर काढलं की हवा लागते आणि बघता बघता ते निळं होतं. असं पुन्हा पुन्हा बुडवून, वाळवून रंगाचे थर चढवतात. रंग आतपर्यंत पोचत नाही, सालीवरच बसतो. विणताना उभे धागे निळे आणि आडवे पांढरे घेतात. प्रत्येक उभा धागा तीन आडव्यांवरून जाऊन एकाच्या खाली शिरतो, म्हणून पँट बाहेरून निळी आणि आतून पांढरट दिसते. म्हणजे बाहेरच्या बाजूला जे जे घासलं जाणार, ते ते पांढरं होत जाणार.

लोक म्हणतात, इतकं जाड कापड, त्याला काय होतंय! कापड कष्टाच्या कामाचं आहे हे खरंच. मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत डंगरी हा शब्द गेला. तिकडे अमेरिकेत नेवाडामधल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने मजुरांच्या पँटींचे खिसे फाटू नयेत म्हणून कोपऱ्यांना धातूचे रिव्हेट ठोकले आणि कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्याबरोबर २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट घेतलं. डेव्हिस माझ्याच धंद्यातला माणूस, म्हणून मला त्याचं कौतुक वाटतं. पण बघा, रिव्हेट लावले ते ओढाताण सोसण्यासाठी. डेनिम, म्हणजे जीन्सचं कापड, ताण सोसतं, घासणं सोसत नाही. मोरीत आपण नेमकं घासतोच.

पहिलं धुणं

नवी जीन्स आणली की बहुतेक घरांत बादलीत मूठभर मीठ पडतं. कुणी तुरटी घालतं, कुणी व्हिनेगर. याने रंग पक्का होतो ही समजूत फार जुनी आहे, पण निळीच्या बाबतीत ती खरी नाही. मीठ काही सुती रंगांना रंगवताना मदत करतं, तुरटीही काही झाडपाल्याच्या रंगांना धरून ठेवते. नीळ मात्र या दोघांच्या मदतीने बसलेली नसते, त्यामुळे नंतर मीठ-तुरटी घालून ती जास्त घट्ट बसत नाही. मीठ भाजीलाच ठेवा.

करायचं ते एवढंच. चेन, हूक, बटण लावून पँट उलटी करा. बादलीभर गार पाण्यात एकटीच अर्धा तास बुडवून ठेवा, साबण नको. पाणी निळंशार होईल. घाबरू नका, सालीवर सैल बसलेला जादा रंग तेवढा सुटतो. पाणी ओतून पुन्हा भरा. दोन-तीन पाण्यांत रंग फिका झाला की काढून सावलीत वाळत घाला. पुढची तीन-चार धुणीही एकटीने किंवा गडद कपड्यांबरोबरच करा. तोवर नवी जीन्स घालून फिक्या सोफ्यावर बसू नका, वर पांढरा कुर्ता नको आणि खांद्याला फिक्या रंगाची पिशवी नको. कोरडी असतानाही तिचा रंग लागतो.

पहिल्या धुण्याशी जोडलेली माझी एक चूक आहे, ती मुद्दाम सांगते. दुकान टाकल्यावर पहिल्याच वर्षी कॉलेजातल्या एका मुलाची कोरी जीन्स मी दीड इंच कमी करून दिली. बारा दिवसांनी तो तीच पँट घालून परत आला, तर घोटे उघडे. धुतल्यावर कापड आटलं होतं. मी त्याला पँटीचे पैसे भरून दिले. तेव्हापासून माझा नियम आहे: न धुतलेल्या जीन्सची लांबी मी कापत नाही. बहुतेक कंपन्या कापड आधीच आटवून घेतात, तरी थोडंफार आटणं उरतंच. आणि जे कापड आटवलेलंच नसतं ते दहा टक्क्यांपर्यंतही आटू शकतं. चाळीस इंचांच्या पँटीचा हिशेब तुम्हीच करा. तेव्हा शिंप्याकडे नेण्याआधी पँट दोनदा धुवा, वाळवा, मग मोजमाप द्या.

किती दिवसांनी धुवायची

याबद्दल दोन टोकांचं बोलणं ऐकू येतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०११ मध्ये एक प्रयोग झाला. एका विद्यार्थ्याने एकच जीन्स न धुता १५ महिने वापरली, तिच्यावरचे जंतू मोजले. मग ती धुऊन दोन आठवडे वापरली आणि पुन्हा मोजले. दोन्ही वेळचे आकडे साधारण सारखेच निघाले. ठीक आहे, पण तो गारठ्याचा प्रदेश. मे महिन्यात सकाळी ८ वाजता डोंबिवलीहून लोकलने निघणाऱ्या माणसाला हा हिशेब लागू पडत नाही. आपल्याकडे घाम येतो, रस्त्याची धूळ त्यात बसते आणि मांडीच्या शिवणीपाशी ती चालताना कानशीसारखी घासत राहते. महिनोन् महिने न धुतलेल्या जीन्सही माझ्याकडे फाटून येतात, त्या नेमक्या तिथेच.

माझं सांगणं असं: उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तीन-चार वेळा घातल्यावर, थंडीत सहा-सात वेळा. रोज रात्री पँट खुंटीवर गोळा करून टाकण्याऐवजी उलटी करून बाल्कनीत टांगा. घाम वाळतो, वास जातो, एक धुणं वाचतं. भाजीचा थेंब पडला तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने टिपा, सगळी पँट बुडवायची गरज नाही. काहीजण वास घालवायला जीन्स फ्रीजरमध्ये ठेवतात. थंडीने बहुतेक जंतू मरत नाहीत, झोपतात. पँट अंगाच्या उबेत आली की पुन्हा जागे होतात.

हाताने धुताना

मी माझ्या घरच्या सगळ्या जीन्स हातानेच धुते. वेळ लागतो, पण हाताला कळतं कुठे किती दाबायचं.

पँट उलटी. पाणी गार, गीझरचं तर अजिबात नको, कारण आजकालच्या बहुतेक जीन्समध्ये एक-दोन टक्के ताणणारा रबरी धागा असतो, तो उष्णतेने मरतो. मग गुडघे आणि सीट लोंबतात आणि ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही, मलाही नाही. साबण आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. पावडर थेट कपड्यावर टाकली की तिचे कण कापडात अडकून पांढरे डाग पडतात, काळ्या जीन्सवर तर लगेच उठून दिसतात. शक्यतो पातळ साबण वापरा. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत चकाकी आणणारं द्रव्य असतं, त्याने गडद निळा रंग फिका, राखाडी वाटायला लागतो.

घरात रिठे असतील तर फारच छान. आठ-दहा रिठ्यांच्या बिया काढून साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून कुस्करा, गाळून घ्या. माझं डेनिमचं जॅकेट मी गेली सहा वर्षं याच पाण्याने धुते. गडद कपड्यांनाच वापरा, फिक्यांवर रिठ्याची पिवळट झाक येऊ शकते.

साबणाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवून तळहाताने दाबत, उचलत, पुन्हा दाबत धुवा. कणीक तिंबतो तसं, पण हलक्या हाताने. बेल्टची आतली बाजू आणि खालच्या दुमडी या दोनच जागा खऱ्या मळतात. तिथे साबणाचं बोट फिरवून मऊ फडक्याने चोळा. ब्रश नको. प्लॅस्टिकचा कपड्यांचा ब्रश म्हणजे निळी साल सोलायचं हत्यार आहे. दगडावर आपटणंही नको, धोपटणंही नको. धुण्याचा सोडा नको आणि ब्लीच तर बाटली उघडूसुद्धा नका, ते नीळ खाऊन टाकतं आणि ताणाचा धागाही कमकुवत करतं.

मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून काढा. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर पँट पत्र्यासारखी कडक होते आणि तिच्यावर पांढरट पूड दिसते. तेव्हा शेवटच्या अर्ध्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगरचा खरा उपयोग हा आहे: क्षार आणि साबणाचा अंश निघतो, कापड मऊ राहतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच आणायचे नाहीत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पिळू नका. पिळल्यावर जिथे पीळ बसतो तिथे पांढऱ्या रेघा उठतात. पँट दुमडून बादलीच्या काठावर दाबा, नाहीतर नळावर दहा मिनिटं लटकवा. घाई असेल तर जुन्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबा.

मशिनला

मशिन वाईट नाही, तिच्यात कपडे कोंबणं वाईट. खिसे रिकामे करा. पास, नाणी, टिश्यू, सगळं. चेन बंद, पँट उलटी, पाणी गार किंवा फार तर ३० अंश, नाजूक कपड्यांचा कार्यक्रम, फिरकी मिनिटाला ६०० ते ८०० फेऱ्यांची. साडेसहा किलोच्या मशिनमध्ये एका वेळी तीन-चार जीन्सपेक्षा जास्त नकोत. जागा कमी पडली की पँट एकाच घडीत अडकून फिरते आणि त्या घडीच्या कडेवर पांढरी रेघ पडते. अशी रेघ घेऊन लोक येतात, रंगवून द्या म्हणतात. ते जमत नाही, मी खोटी आशा दाखवत नाही. पँटीच्या आत शिवलेल्या सूचनांच्या पट्टीवर टबाचं चित्र आणि त्यात आकडा असेल तर तेवढंच कमाल तापमान. टबात हात असेल तर हाताने. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनातल्या गोलावर फुली म्हणजे ड्रायर नको. फुली नसली तरीही मी ड्रायर टाळा म्हणेन.

वाळवणं

धुणं नीट झालं आणि वाळवताना बिघडलं, असं फार होतं. दोरीवर टाकण्याआधी पँट दोनदा जोरात झटका. मग आतली आणि बाहेरची शिवण दोन्ही हातांत धरून वरून खाली ओढत या, खालच्या दुमडीपर्यंत. शिवणीचा दोरा आटून ती गोळा झालेली असते, ओढल्याने सरळ होते आणि पाय वळत नाहीत. साध्या सुती जीन्सला बेल्टजवळ चिमटे लावून पाय खाली सोडा. ताणाच्या जीन्सला तसं टांगू नका, ओली पँट स्वतःच्या वजनाने लांबते. ती दोन दोऱ्यांवर आडवी पसरा. लोखंडी तार टाळा, गंजाचा डाग जात नाही. उलटीच ठेवा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी.

पावसाळ्यात खरी परीक्षा. पाय वाळतात, पण खिशांचं अस्तर आणि बेल्टचे चार पदर ओले राहतात आणि तिथूनच कुबट वास सुरू होतो. चारही खिसे बाहेर ओढून ठेवा. बेल्ट पंख्याच्या दिशेने. मशिन असेल तर नुसती फिरकी आणखी एकदा द्या. तरी दमट वाटलं तर बेल्टवरून आणि खिशांवरून आतल्या बाजूने मध्यम इस्त्री फिरवा. ऊन पडलं तर जुलैच्या उन्हात तासभर उलटी टाकायला माझी हरकत नाही. कुबट वासापेक्षा किंचित फिका रंग परवडला. पाठीमागे कातड्याची पट्टी असेल तर तिच्यावर इस्त्री नको, ती आक्रसते.

डाग

तेल सांडलं तर आधी पाणी लावू नका. टाल्कम पावडर भुरभुरून दोन तास ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाने लावून धुवा. बाइकच्या चेनच्या ग्रीसलाही हाच साबण, फक्त दोन-तीन वेळा.

हळदीला साबण लागला की डाग लाल होतो आणि माणसं घाबरून घासत सुटतात. हळदीला चुना लागला की कुंकू होतं ना, तीच ही गंमत. खळबळल्यावर तो परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो, पण ऊन निळीलाही लागतं, म्हणून बाकीची पँट झाकून तेवढाच भाग तास-दीड तास उन्हाकडे ठेवा. बॉलपेनच्या शाईखाली जुनं फडकं धरून वरून सॅनिटायझर टिपा, शाई फडक्यात उतरते. रक्ताला फक्त गार पाणी, गरम पाण्याने ते पक्कं बसतं. चिखल ओला असताना हात लावू नका, वाळला की झडतो.

काळ्या जीन्सबद्दल

काळी जीन्स निळीने रंगवलेली नसते. ती बहुतेक वेळा गंधकाच्या रंगात रंगवतात. ती दमट जागी महिनोन् महिने पडून राहिली तर त्या गंधकाचं हळूहळू आम्ल बनतं आणि कापड ठिसूळ होतं. एक ताई तीन वर्षं ट्रंकेत ठेवलेली काळी जीन्स घेऊन आल्या होत्या, मी बेल्ट धरून थोडं ओढलं आणि कापड कागदासारखं फाटलं. काळी जीन्स साठवायची तर पूर्ण वाळलेली, मोकळ्या हवेच्या कपाटात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून घालायची.

भोक पडायच्या आधी

दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला, आसनाच्या शिवणीखाली, दर महिन्याला पँट उजेडासमोर धरून बघा. कापड जाळीदार दिसायला लागलं, आडवे पांढरे धागेच उरलेत असं वाटलं, की त्याच आठवड्यात शिंप्याकडे न्या. आतून पातळ कापड लावून वर निळ्या दोऱ्याने पुढे-मागे टीप मारली की ती जागा आणखी दोन वर्षं जाते. भोक पडल्यावर काम तिप्पट होतं आणि दिसतंही. घरच्या मशिनवर करणार असाल तर सुई १६ किंवा १८ नंबरची लावा, १४ नंबरची सुई जाड शिवणीवर मोडू शकते. आणि उसवलेली किंवा विरलेली पँट आधी दुरुस्त करायची, मग धुवायची. धुण्यात इंचभराचं भोक वीतभर होतं.

लांबी कमी करताना उरलेले तुकडे मी गिऱ्हाइकाला परत देते. पुष्कळजण ते दुकानाच्या दारातल्या डब्यात टाकून जातात. टाकू नका. एका तुकड्याच्या कडेला ओव्हरलॉक करून घ्या आणि सेफ्टी पिनने तो पँटीच्या आतल्या खिशाला अडकवा. पँट धुवाल तेव्हा तोही धुतला जाईल, तिच्याबरोबरच फिका होत जाईल. तीन वर्षांनी गुडघ्याला पॅच लावायची वेळ येईल तेव्हा माझ्याकडे तो तुकडा घेऊन या. दुसऱ्या कुठल्याही ताग्यातून मला तो निळा मिळणार नाही.